आवडता बेसबॉलपटू दुसऱ्या संघात गेला. दहा वर्षांच्या भाच्याची समजूत कशी घालावी?

प्रश्न : रामबागची आत्या

नमस्कार. माझा भाऊ शिकागोजवळ स्थायिक झाला आहे आणि त्याचा दहा वर्षांचा मुलगा, शाळेला सुट्टी लागली की, इंदूरला आमच्याकडे राहायला येतो. तिकडची उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे आपला पावसाळा, त्यामुळे मैदानात चिखल असतो आणि मुलाला घरातच रमवावे लागते. पण त्याचे बेसबॉलचे वेड त्याने कमी होत नाही. चामड्याचा हातमोजा तो सोबत घेऊन येतो. रात्री त्याच्या खोबणीत चेंडू बसवतो, वरून जाड रबर गुंडाळतो आणि गादीखाली ठेवून झोपतो, म्हणजे चामडे चेंडूच्या आकाराला वळते. ही युक्ती त्याला त्याच्या आवडत्या खेळाडूने स्वतः सांगितली आहे. एकदा सामन्याआधी हा कठड्यापाशी उभा असताना त्या खेळाडूने त्याच्या चेंडूवर सही केली, हातमोजा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि चामडे अजून कडक आहे म्हणून हा उपाय सांगितला. शिवणीच्या दोन ओळी जेथे एकमेकींच्या सर्वांत जवळ येतात, तेथे निळ्या बॉलपेनने केलेली ती सही आहे आणि त्या चेंडूला घरात कोणी हात लावलेला त्याला चालत नाही.

यंदा जुलै संपता संपता एके सकाळी बातमी आली की, संघाने त्या खेळाडूला दुसऱ्या संघाकडे दिले आणि त्याच्या बदल्यात तरुण खेळाडू घेतले. मुलगा रडला नाही. त्याने अंगातला त्या खेळाडूच्या क्रमांकाचा शर्ट काढला, नीट घडी घातली आणि बॅगेच्या तळाशी ठेवून दिला. रात्री जेवताना मात्र त्याने विचारले, ‘आत्या, त्याला आता मी आठवेन का?’ मला काही उत्तर सुचले नाही.

भाऊ फोनवर म्हणतो की, हा सगळा पैशांचा व्यवहार आहे, खेळाडू कॅमेऱ्यासमोर मुलांना जवळ घेतात आणि पुढच्या गावी निघून जातात, तेव्हा मुलाला हे जितक्या लवकर कळेल तितके बरे. माझ्या आईला हे मुळीच पटत नाही. मला क्रिकेटची थोडी माहिती आहे, बेसबॉलची नाही. खेळाडू आणि लहान चाहता यांच्या नात्यात खरेपणा असतो का, आणि असला तर संघ बदलल्यावर तो टिकतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मुलाला त्या खेळाडूला पत्र लिहायचे आहे, तेही लिहू द्यावे की नाही, असा प्रश्न मला पडला आहे.

उत्तर : परतलेला इंदुरी

ताई, नोकरीनिमित्त शिकागोत बराच काळ काढून मी आता विजयनगरला राहतो, म्हणून आधी व्यवहाराची बाजू सांगतो. बेसबॉलमध्ये खेळाडूंची अदलाबदल ऐन हंगामात होते आणि तिची मुदत जुलैच्या शेवटाच्या आसपास संपते. ज्याने मोठ्या लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, दहा वर्षे आणि त्यांतली शेवटची पाच सलग एकाच संघात काढली आहेत, किंवा ज्याच्या करारातच तसे कलम आहे, असा खेळाडू सोडला तर बाकीच्यांना या बदलीला नकार देण्याचा हक्क नसतो. सकाळी एका शहरात जागा झालेला खेळाडू रात्री दुसऱ्या शहरात नवा शर्ट चढवतो आणि त्याची स्वतःची मुलेबाळे मागे राहतात. भाच्याला हे सर्वांत आधी सांगावे. ‘तो मला सोडून गेला’ आणि ‘त्याला पाठवण्यात आले’ यांत फार अंतर आहे आणि दहा वर्षांच्या मुलाला ते पूर्ण कळते.

२०२१ च्या जुलैमध्ये मी हे जवळून पाहिले. शिकागो कब्स या संघाने २०१६ मध्ये १०८ वर्षांनंतर अजिंक्यपद मिळवले होते आणि त्या विजयाचे आधारस्तंभ असलेले अँथनी रिझो, हावियर बाएझ आणि क्रिस ब्रायंट हे तिघेही जेमतेम दोन दिवसांत तीन वेगवेगळ्या संघांकडे गेले. आमच्या इमारतीतली मुले पायऱ्यांवर बसून होती, खेळायला कोणी उतरले नाही.

यांतल्या रिझोची गोष्ट भाच्याला अवश्य सांगा. २००८ मध्ये, अठरा वर्षांचा असताना आणि बोस्टन रेड सॉक्सच्या खालच्या संघात उमेदवारी करत असताना, त्याला लसिका ग्रंथींचा कर्करोग झाला. बोस्टनचा गोलंदाज जॉन लेस्टर त्याच प्रकारच्या आजारातून उठून पुन्हा मैदानात आला होता. तो या मुलाला भेटला आणि आपण काय सोसले, कसे सोसले, हे त्याच्याशी बोलला. पुढे दोघेही शिकागोत आले आणि २०१६ च्या विजेत्या संघात एकत्र खेळले. रिझोने कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांसाठी संस्था काढली, शिकागोच्या लहान मुलांच्या रुग्णालयात तो सातत्याने जात राहिला आणि २०१७ मध्ये त्याला रॉबर्टो क्लेमेंटे यांच्या नावाचा पुरस्कार मिळाला. ज्यांच्या नावाने हा पुरस्कार दिला जातो ते बेसबॉलपटू क्लेमेंटे पोर्टो रिकोत लहान मुलांसाठी विनामूल्य शिबिरे घेत आणि ३१ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान अपघातात गेले. संघ बदलल्यावर नाते टिकते का, असे आपण विचारले आहे. रिझो न्यूयॉर्कला गेला, तेथे काही हंगाम खेळला आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्याने निवृत्ती घेतली ती कब्सचा खेळाडू म्हणून, शिकागोच्याच मैदानावर. २०२१ मध्ये त्याच्या क्रमांकाचा शर्ट ज्यांनी घडी घालून ठेवला होता, त्यांना तो पुन्हा घालता आला.

उत्तर : निवृत्त क्रीडाशिक्षक

शालेय स्पर्धांसाठी मी मुलांना सॉफ्टबॉल आणि बेसबॉल शिकवत असे आणि पावसाने खेळ थांबला की वर्गात त्यांना जुन्या खेळाडूंच्या गोष्टी सांगत असे. विख्यात फलंदाज बेब रूथ आणि त्याचा लहानगा चाहता जॉनी सिल्व्हेस्टर यांची गोष्ट मुले पुन्हा पुन्हा मागत. १९२६ मध्ये न्यू जर्सीतील अकरा वर्षांचा जॉनी आजारी होता. घरच्यांनी न्यूयॉर्क यांकीज या संघाकडे तार केली आणि उत्तरादाखल खेळाडूंच्या सह्यांचे चेंडू आले, त्यांत बुधवारच्या सामन्यात तुझ्यासाठी होम रन मारीन, असे रूथचे वचन होते. होम रन म्हणजे आपल्या षटकारासारखा मैदानाबाहेर गेलेला फटका; तो एका सामन्यात एकदा साधला तरी खेळाडू धन्य होतो. रूथने त्या बुधवारी, ६ ऑक्टोबरला, असे तीन फटके मारले. अजिंक्यपदाच्या लढतीत त्याआधी एका सामन्यात कोणीही तीन होम रन मारले नव्हते.

वर्तमानपत्रांनी या घटनेला भरपूर रंग चढवला. जॉनीला नेमके काय झाले होते याविषयी त्या काळच्या बातम्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि रूथच्या फटक्यांनी तो बरा झाला असे मी माझ्या विद्यार्थ्यांना कधीही सांगितले नाही. असे सांगितले तर आजारी मुलाचा जीव एखाद्या फटक्यावर टांगला जातो आणि ते मुलावर आणि खेळाडूवर सारखेच अन्याय करणारे आहे. माझ्या दृष्टीने या गोष्टीचा मोलाचा भाग पुढे आहे. त्या वर्षी रूथचा संघ सातव्या सामन्यात हरला आणि दुसरा बेस चोरण्याच्या, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पुढच्या थांब्याकडे धावण्याच्या, प्रयत्नात शेवटचा बाद झालेला खेळाडू रूथच होता. सगळ्या देशासमोर अशी नामुष्की पत्करलेला माणूस दुसऱ्याच दिवशी जॉनीच्या घरी गेला आणि त्याच्या पलंगाशी बसला. पुढे जॉनी शिकला, दुसऱ्या महायुद्धात नौदलात गेला, उद्योगात मोठ्या पदावर पोहोचला. आणि १९४७ मध्ये रूथ स्वतः कर्करोगाने खंगलेला असताना जॉनी त्याला भेटायला गेला. त्यानंतरच्या वर्षी, ऑगस्टमध्ये, रूथ गेला. जॉनी १९९० पर्यंत जगला.

आपल्या बंधूंचे म्हणणे मला समजते. रूथ प्रसिद्धीचा भुकेला होता, त्याच्यामागे छायाचित्रकार असत, हे सगळे खरे आहे. पण एकवीस वर्षांनी जॉनी त्याच्या दारात उभा राहिला, हेही तितकेच खरे आहे.

उत्तर : राजेंद्रनगरवासी

थोडक्यात लिहितो. आपल्या गल्लीतली मुले बंगळुरूचे लाल शर्ट घालून फिरतात ती रजत पाटीदारमुळे, कारण तो इंदूरचा आहे. उद्या लिलावात तो दुसरीकडे गेला तर ती शर्टाचा रंग बदलतील, माणूस बदलणार नाहीत.

बेसबॉलमधले एक उदाहरण देतो. क्रिकेटमध्ये प्रेक्षकांत गेलेला चेंडू परत द्यावा लागतो, बेसबॉलमध्ये तो ज्याच्या हाती पडला त्याचा होतो, म्हणून लोक त्यासाठी जीव टाकतात. २०२२ च्या मे महिन्यात टोरांटोच्या मैदानावर यांकीजच्या ॲरन जजने मारलेला होम रनचा चेंडू टोरांटोच्याच एका चाहत्याने झेलला आणि त्याने मागे वळून तो, जजच्या क्रमांकाचा शर्ट घालून आलेल्या नऊ वर्षांच्या अनोळखी मुलाच्या हातात ठेवला. मुलगा त्या माणसाच्या गळ्यात पडून रडू लागला. दुसऱ्या दिवशी जजने दोघांनाही भेटायला बोलावले. ज्याने चेंडू दिला तो प्रतिस्पर्धी संघाचा माणूस होता, हे भाच्याला जरूर सांगा.

उत्तर : बालरुग्ण विभागातील परिचारिका

ताई, ‘त्याला मी आठवेन का’ हा प्रश्न मी माझ्या कामात वेगळ्या रूपात रोज ऐकते. वॉर्डातून घरी जाणारे मूल डॉक्टरांना आणि आम्हाला हेच विचारते. म्हणून मला आपल्या बंधूंच्या मताला स्पष्ट विरोध करावासा वाटतो.

बोस्टनमध्ये १९४८ साली डॉ. सिडनी फार्बर यांच्याकडे कर्करोगाचा एक बारा वर्षांचा रुग्ण होता. त्याची ओळख उघड होऊ नये म्हणून त्याला ‘जिमी’ हे नाव दिले गेले. तो बोस्टन ब्रेव्ह्ज या संघाचा चाहता होता. मे महिन्यात एका रेडिओ कार्यक्रमात त्याच्याशी बोलणे चालू असताना, त्याने नाव घ्यावे आणि त्या खेळाडूने त्याच्या खोलीत पाऊल टाकावे, असे करत करत त्याचे लाडके खेळाडू एकामागून एक त्याच्या पलंगाभोवती जमले. संघाचे सामने पाहण्यासाठी जिमीला दूरचित्रवाणी संच मिळावा म्हणून श्रोत्यांना आवाहन केले गेले आणि दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. त्यातून बालकर्करोगाच्या संशोधनासाठी जो निधी उभा राहिला तो आजही चालू आहे. पाच वर्षांनी, १९५३ मध्ये, तो अख्खा संघच बोस्टन सोडून मिलवॉकीला गेला. आपल्या भाच्याचा एक खेळाडू गेला, बोस्टनच्या मुलांचा संघच्या संघ गेला. पण शहरातल्या दुसऱ्या संघाने, रेड सॉक्सने, ते काम खांद्यावर घेतले आणि त्यांचा टेड विल्यम्स हा थोर फलंदाज वर्षानुवर्षे त्या मुलांना भेटत राहिला. त्याची अट एकच असे, की वर्तमानपत्रांना कळता कामा नये. कॅमेऱ्यासाठीच सगळे होते असे म्हणणाऱ्यांनी विल्यम्सचा विचार करावा. जिमीविषयी तर सर्वांनी समजून घेतले होते की तो कधीच गेला असणार. प्रत्यक्षात तो बरा होऊन घरी गेला होता, मोठा झाला, ट्रक चालवून त्याने संसार केला आणि १९९८ मध्ये, पन्नास वर्षांनी, लोकांसमोर आला.

दुसरे नाव जिम ॲबटचे. त्याला जन्मतः उजवा पंजा नव्हता. गोलंदाजी करताना तो हातमोजा उजव्या हाताच्या टोकावर अडकवून ठेवी, डाव्या हाताने चेंडू टाकला की त्याच क्षणी डावा हात हातमोज्यात सरकवून झेल घ्यायला तयार होई, आणि झेल घेतला की हातमोजा छातीशी दाबून चेंडू पुन्हा डाव्या हातात काढी. ४ सप्टेंबर १९९३ रोजी क्लीव्हलँडविरुद्धच्या संपूर्ण सामन्यात त्याने एकाही फलंदाजाला हिट, म्हणजे फटका मारून बेस गाठणे, साधू दिले नाही. हातात किंवा पायात जन्मजात उणीव असलेली मुले गावोगावी त्याला भेटायला येत आणि तो सामन्याआधी त्यांच्यासाठी वेळ काढी, त्यांच्या पत्रांना उत्तरे देई. तो ज्या ज्या संघात गेला तेथे ही मुले पोहोचली, कारण त्यांचे नाते त्याच्या शर्टाशी नव्हते. माझ्या वॉर्डातल्या एका मुलीला मी ती हातमोज्याची हालचाल रुमाल घेऊन करून दाखवली होती. ती दुसऱ्या दिवशी मला तीच हालचाल माझ्याहून सफाईने करून दाखवत होती.

आणखी एक गोष्ट, जी मुलाला आज सांगू नये, पण बंधूंना सांगावी. २०१९ च्या मेमध्ये ह्यूस्टनला शिकागोच्याच अल्बर्ट अल्मोराने मारलेला फाउल, म्हणजे खेळाच्या हद्दीबाहेर गेलेला, चेंडू प्रेक्षकांतल्या दोन वर्षांच्या मुलीच्या डोक्याला लागला. तो गुडघ्यांवर बसला, नंतर कठड्यापाशी जाऊन तेथील सुरक्षारक्षकाच्या खांद्यावर डोके ठेवून रडला. पुढच्या हंगामापासून तिसांच्या तीसही संघांनी संरक्षक जाळी लांबवली. मैदानावरच्या माणसाला कठड्यापलीकडची मुले दिसतच नाहीत, असे ज्यांना वाटते त्यांनी ते छायाचित्र पाहावे.

उत्तर : जुना होळकरप्रेमी

चिरंजीव सौभाग्यवती ताईंना आशीर्वाद. बेसबॉल मला कळत नाही, पण आपल्या गावाचे उदाहरण द्यायला हवे. सी. के. नायडू १९२३ मध्ये होळकर महाराजांच्या बोलावण्यावरून इंदुरात आले. मुश्ताक अली येथे तेरा वर्षांचे होते तेव्हा नायडूंची नजर त्यांच्यावर पडली आणि त्यांनी त्या पोराला घडवले. पुढे १९३६ मध्ये मँचेस्टरला मुश्ताक अलींनी परदेशातले भारताचे पहिले कसोटी शतक ठोकले. त्याच मुश्ताकना १९४५ मध्ये कोलकात्याच्या सामन्यातून वगळले, तेव्हा तेथील चाहत्यांनी निवड समितीच्या दुलीपसिंहजींना घेराव घातला आणि ‘मुश्ताक नाही तर कसोटी नाही’ म्हणून हट्ट धरला. मुश्ताक इंदूरचे, होळकर संघाचे. कोलकात्याच्या पोरांचे ते कोण लागत होते? तरी शेवटी त्यांना संघात घ्यावे लागले. मुलाने पत्र लिहावे असेच माझे मत आहे. आजीचे ऐका.

प्रश्नकर्तीचे उत्तर : रामबागची आत्या

आपणा सर्वांचे मनापासून आभार. ‘त्याला पाठवण्यात आले’ हे वाक्य सर्वांत उपयोगी पडले. भाच्याने बराच वेळ विचार करून विचारले, ‘मग त्याची मुले शिकागोतच असतील का?’ आणि शर्ट बॅगेतून काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. अजून घातलेला नाही. जॉनीची गोष्ट त्याने दोनदा सांगायला लावली, मुश्ताक अलींची गोष्ट आईने स्वतः सांगितली.

पत्र त्याने लिहिले आहे. नव्या शहरात तुला घर मिळाले का, हातमोजा आता मऊ झाला आहे, इंदूरला पाऊस पडतो म्हणून मी पलंगावर झेल घेण्याचा सराव करतो, असा मजकूर आहे. शेवटी ‘माझी आठवण ठेव’ असे लिहून त्याने ते स्वतःच खोडले आणि ‘मी तुझे सामने पाहीन’ असे लिहिले. आता एक व्यावहारिक प्रश्न उरतो. सहीचा तो चेंडू पत्राबरोबर पाठवून त्यावर आणखी एक सही घ्यावी, असे त्याच्या मनात आहे. पाठवावा का, आणि पत्र कोणत्या पत्त्यावर टाकावे?

उत्तर : परतलेला इंदुरी

चेंडू अजिबात पाठवू नये. संघांकडे टपालाचे ढीग येतात आणि त्यांत वस्तू गहाळ होतात. त्याऐवजी त्या खेळाडूचे एखादे छापील कार्ड पाठवावे आणि सोबत स्वतःचा शिकागोचा पत्ता लिहिलेले, तिकडचे तिकीट चिकटवलेले परतीचे पाकीट घालावे, कारण आपले तिकीट परतीच्या टपालाला चालणार नाही. त्यामुळे पत्र येथून न टाकता भाचा परत गेल्यावर त्यानेच टाकलेले बरे. पत्ता नव्या संघाच्या मैदानाचा, वर खेळाडूचे नाव. मुलाला आधीच सांगून ठेवा की, उत्तर यायला कित्येक महिने लागू शकतात आणि काही वेळा ते येतही नाही. पण येते तेव्हा कसे येते तेही सांगा. २०२१ च्या जूनमध्ये सॅन डिएगोला सिनसिनाटीच्या जोई व्होट्टोला पंचांशी वाद घातल्याबद्दल पहिल्याच डावात मैदानाबाहेर काढले आणि खास त्याला पाहायला आलेली सहा वर्षांची मुलगी रडू लागली. त्याला हे कळले तेव्हा त्याने तिला चेंडू पाठवला आणि त्यावर लिहिले की, मी पूर्ण सामना खेळलो नाही याबद्दल मला क्षमा कर. दुसऱ्या दिवशी तो तिला भेटला.

वेळापत्रकही पाहून ठेवा. मोठ्या लीगचे सर्व तीस संघ २०२३ पासून दर हंगामात एकमेकांशी खेळतात, त्यामुळे नवा संघ कोणताही असला तरी तो पुढच्या वर्षी शिकागोच्या दोन संघांपैकी एकाच्या मैदानावर येण्याची चांगलीच शक्यता आहे. मैदानाचे दरवाजे उघडताच आत जावे आणि पाहुण्या संघाच्या बाजूच्या कठड्यापाशी उभे राहावे. हातमोजा सोबत न्यायला सांगा.